मशीनचा चौथा पाय

गेल्याच्या गेल्या उन्हाळ्यात आमच्या ह्यांनी सरफेस ग्राइंडर विकायला काढला, आणि का काढला ते मला सांगितलं नाही. मशीन जाणार यापेक्षा आपल्याला सांगितलं नाही याचा मला जास्त राग आला. माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो यावर सासर आणि माहेर दोघांचं एकमत आहे, आणि अमरावती-अकोल्याचं एखाद्या गोष्टीवर एकमत होणं म्हणजे काही साधं काम नाही. ह्यांना मी या लिखाणातही 'हे'च म्हणणार. नाव घ्यायची लाज वाटते असं नाही, इतक्या वर्षांत तोंडाला ते वळणच पडलेलं नाही.

आमची शेड अमरावतीच्या एमआयडीसीत, आतल्या रस्त्याला, एका डाळ मिलच्या मागे. वर पत्रा, म्हणजे उन्हाळ्यात भट्टीच. एक लेथ आहे, एक ड्रिल मशीन आहे, ती माझ्या ताब्यात, आणि सगळ्यांत मानाचा तो ग्राइंडर. ज्यांनी तो पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. खाली सरकतं लोखंडी टेबल, त्यावर चुंबक. चुंबकावर लोखंडाची पाटी चिकटवायची. वर दगडी चाक गरगर फिरत असतं. डाव्या हाताने एक चक्र फिरवत टेबल इकडून तिकडे न्यायचं, आणि ते चाक पाटीवरून केसापेक्षाही बारीक थर काढत जातं. शेवटचा हात नीट पडला की पाटीत तोंड दिसतं. माझा भांग सरळ आहे की नाही ते मी घरच्या आरशापेक्षा त्या पाट्यांमध्येच जास्त वेळा पाहिलेलं आहे.

हा शेवटचा हात नेहमी ह्यांचाच. मी ड्रिल मारीन, कडा घासीन, गिऱ्हाइकाशी भांडीन, पण शेवटच्या हाताला मी टेबलाच्या चक्राला शिवायचं नाही, असा अलिखित नियम होता. तो मी मोडला नाही, कारण ह्यांच्यासारखा हात मी दुसरा पाहिला नव्हता. चालत्या मशीनवर नखं टेकवून हे सांगायचे, कुठलं बेअरिंग कुरकुरतंय आणि कुठला बेल्ट सैल पडलाय. माझं अंग दुसरं, मला ऐकू येतं. माझे बाबा अकोल्यात विहिरीवरच्या पंपांच्या जळलेल्या मोटारींत नवी तार भरून द्यायचे. आमचं घर दुकानाच्या मागेच, त्यामुळे मोटारीचा आवाज ऐकत मी अभ्यास केला, आणि अभ्यासापेक्षा मोटारीच जास्त कळल्या.

आमची पहिली भेटही मोटारीवरूनच झाली. हे एक मोटर घेऊन बाबांकडे आले होते. तिच्यावर हात ठेवून म्हणाले, बेअरिंग गेलं. मी पडद्याआडून बोलले की बेअरिंग नाही, मागचा पंखा घासतोय. बाबांनी उघडून पाहिलं तर पंखा घासत होता. हे आजही म्हणतात की बेअरिंगसुद्धा जायलाच आलं होतं. मी म्हणते, असेल बाप्पा, पण गेलं नव्हतं ना.

आमच्याकडे चौदा एप्रिलला जयंतीची मिरवणूक झाली की कूलर बाहेर निघतो. टाकीला आतून डांबर फासायचं, वाळ्याच्या नव्या ताट्या बसवायच्या, पंख्याला तेल द्यायचं. दरवर्षी आमचा कूलर खिडकीत लागायचा. त्या वर्षी ह्यांनी तो उचलून आत, ग्राइंडरच्या अगदी कुशीला आणून ठेवला. मी विचारलं तर म्हणाले, खिडकीतला वारा लेथकडे जातो, ड्रिलकडे पोचत नाही. खरं कारण मला ठाऊक होतं. त्या वर्षी माझं वय मला आतून तापवत होतं. बाईच्या आयुष्यात एक काळ असा येतो की बसल्या जागी अंगात चूल पेटते आणि घामाने पदर भिजतो, त्यात आमचा एप्रिल-मे. मी कोणाला काही बोलले नव्हते. ह्यांनीही काही विचारलं नाही, नुसता कूलर सरकवला. त्यात पाणी भरायचं कामही त्यांनी स्वतःकडे घेतलं. रोज सकाळी माझ्या आधी अर्धा तास शेडवर जायचे, आणि मी डबे घेऊन पोचायची तोवर कूलर काठोकाठ भरून थंड वारा सुरू झालेला असायचा.

आणि त्याच दिवसांत पाट्यांवर लहरी येऊ लागल्या.

सरळ पाहिलं तर दिसायच्या नाहीत. पाटी खिडकीकडे तिरपी धरली की बारीक बारीक आडव्या रेघा, वाळूवर वारा उमटतो तशा. आम्ही त्याला चॅटर म्हणतो. चाक पाटीवर अलगद टेकायच्या ऐवजी थरथरत टेकलं की असं होतं. पहिली पाटी ह्यांनी पुन्हा घासली. पुन्हा रेघा. मग चाकाला हिऱ्याने नवी धार दिली. मग चाक उतरवून त्याचा तोल पाहिला, नवं चाक चढवलं, बेल्ट बदलला. रेघा होत्या तशाच. असल्या वेळी हे एरवी मला हाक मारायचे, 'इकडं ये वं, कान लाव', आणि मग आम्ही दोघं मिळून मशीनशी भांडायचो. या खेपेला हाक आली नाही. मी आपणहून गेले तर म्हणाले, तू तुझं काम कर.

ह्यांचं बोलणं कमी कमी होत गेलं. दुपारच्या डब्याला पाठ करून बसायला लागले. चहा बशीत ओतून फुर्र करून पिणारा माणूस स्टीलच्या ग्लासात अर्धाच चहा मागू लागला. मी चिडवलं की आता तुम्ही पुण्याच्या लोकांसारखे झालात, बशी नको वाटते. हसले नाहीत.

बुद्धपौर्णिमेच्या आदल्या दिवशी मला कळलं ते माझ्या भावाकडून, फोनवर. अकोल्यातला एक कारखानदार त्याच्या ओळखीचा. पौर्णिमा झाली की येत्या रविवारी तो मशीन पाहायला येणार, असं ह्यांनी भावाशी बोलून ठरवलेलं. ग्राइंडर गेला की मागोमाग शेडही देऊन टाकायची आणि मुलीकडे पुण्याला जाऊन राहायचं, इथवर बेत झालेला. भावाला वाटलं की मला हे सगळं माहीत आहे. मी 'हो, हो' म्हणत राहिले आणि फोन ठेवला. मुलगी चांगली आहे, तिचं घर चांगलं आहे, पण मी तिथे दिवसभर करणार काय होते? आणि हे? त्या माणसाला मशीनवर हात ठेवल्याशिवाय दिवस उजाडल्यासारखं वाटत नाही. ते तिथे कशावर हात ठेवणार होते?

पौर्णिमेच्या दिवशी विहारात, खीर वाटताना, मी मूग गिळून बसले. चारचौघांत नवऱ्याचा पाणउतारा करायचा नाही एवढं मला कळतं. दुसऱ्या दिवशी मात्र तोंडाचा पट्टा सोडायचा असं ठरवूनच शेडवर गेले. ह्यांचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. ग्राइंडर चालू होता, आणि ह्यांनी डावा हात टेबलाच्या चक्रावर ठेवून उजव्या हाताने त्या डाव्या हाताचं मनगट घट्ट धरलेलं होतं. लहान पोराला अक्षर गिरवायला शिकवताना आपण त्याचा हात धरतो ना, तसं. स्वतःचाच हात स्वतः धरून हा माणूस पाटी घासत होता.

मी सगळं भांडण विसरले. मशीन बंद केली. विचारलं, काय झालं मशीनला?

"मशीनले काई नाई झालं," हे म्हणाले. "मले झालं."

आणि डावा हात पुढे केला. बोटं थरथरत होती. फार नाही, पण थांबत नव्हती. पिंपळाचं पान वारा नसतानाही हलतं तशी. कधीपासून, विचारलं तर म्हणाले संक्रांतीपासून असेल. मला सांगितलं असतं तर मी दवाखान्यात नेलं असतं, म्हणून सांगितलं नाही, असं उलट मलाच ऐकवलं. मी म्हटलं, मग काय पिच्चरला न्यायचं होतं? पण माझा आवाज भांडणाचा निघत नव्हता. मला रडू येत होतं आणि रडायचं नव्हतं.

ह्यांचं सगळं गणित मांडून झालेलं होतं. टेबल हाताने चालतं. हात थरथरतो. म्हणून टेबल थरथरतं, म्हणून पाटीवर रेघा. ज्या हाताने कधी रेघ येऊ दिली नाही त्या हाताच्या रेघा गिऱ्हाइकाने दाखवून द्याव्यात, त्याआधी मशीन चांगल्या घरी गेलेली बरी. मुलीचं लग्न ठरवताना बोलावं तसं हे बोलत होते.

मी ते गणित ऐकलं आणि मला त्यात एक गोष्ट खटकली. हाताचा कंप लहरी असतो, कधी जास्त, कधी कमी. पाटीवरच्या रेघा मात्र फणीच्या दातांसारख्या एकसारख्या होत्या. पण हे सांगून पटलं नसतं. हाताच्या काकणाला आरसा कशाला? मी पदर खोचला, नवी पाटी चुंबकावर ठेवली आणि म्हटलं, सरका बाजूला, शेवटचा हात आज माझा.

हे सरकले. इतक्या वर्षांचा नियम मी मोडला तरी काही बोलले नाहीत, यावरून त्यांचं मन किती खचलं होतं ते मला कळलं. माझा हात थरथरत नाही. माझी जीभ चालते, हात स्थिर असतो. मी जमेल तेवढ्या हळू टेबल नेलं, आणलं. पुसून पाटी ह्यांच्या हातात दिली. ह्यांनी ती खिडकीकडे तिरपी धरली.

रेघा होत्या. त्याच, तशाच, तेवढ्याच अंतरावर.

हे स्टुलावर बसले. मला वाटलं आता हसतील, पण डोळे भरून आले होते. गळ्यातल्या दुपट्ट्याने तोंड पुसत म्हणाले, "म्हंजे मी नाई." मी म्हटलं, तुम्ही नाही. मीही नाही. आता उठा, कोण आहे ते शोधू.

त्या दुपारी आम्ही दुसरं काम घेतलंच नाही. आधी संशय कूलरवर घेतला. त्याचा पंखा मशीनच्या शेजारीच घरघरत होता. कूलर बंद केला, घामाने निथळत पाटी घासली. रेघा तशाच. कूलर बिचारा निर्दोष सुटला, आणि आम्ही तो पुन्हा लावला. मग मी पेलाभर पाणी चुंबकावर ठेवलं. मशीन सुरू केल्याबरोबर पाण्यावर बारीक वर्तुळं उठली. बेल्ट काढून नुसती मोटर चालवली, मी लांब स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाला लावून टोक मोटारीला टेकवलं. स्वच्छ आवाज, खडीसाखरेसारखा. बेल्ट चढवून चाकाच्या दांड्याचं बेअरिंग ऐकलं. तेही ठीक.

मग मशीन बंद केली. चाक हळूहळू थांबत आलं, आणि थांबता थांबता मध्येच एका क्षणी पेल्यातलं पाणी एकदम उसळलं, काठावरून सांडलं, आणि शांत झालं. मला बाबांचं एक वाक्य आठवलं. ते म्हणायचे, चालू असताना बडबडते ती मोटर, बंद होताना बडबडते ती बैठक. म्हणजे दोष वर नाही, खाली. मशीन जिथे टेकली आहे तिथे. मी हे सांगितलं तेव्हा ह्यांनी मान डोलावली आणि सवयीने मशीनच्या बुडाशी उकिडवे बसले, नखं टेकवायला हात पुढे केला, आणि तसाच मागे घेतला.

"माया हाताले आता समजत नाई," म्हणाले. "मशीन थरथरते का मी थरथरतो ते. तू ठेव हात."

मी शेजारी बसले. तळवा ठेवला तर ह्यांनी तो उचलला आणि माझी बोटं वळवून नखं लोखंडाला टेकवली. तळव्याला सगळंच जाणवतं, म्हणून तो फसवतो, नखाला नेमकं तेवढंच कळतं, असं समजावलं. इतक्या वर्षांत हे त्यांनी मला कधी शिकवलं नव्हतं, मी विचारलंही नव्हतं. मशीन सुरू केली. माझ्या हातावर ह्यांचा हात होता, तो थरथरत होता, आणि त्याच्या खाली माझी नखं. आधी मलाही काही वेगळं काढता येईना. मग हळूहळू ह्यांचा कंप ओळखीचा झाला, तो बाजूला ठेवता आला, आणि मशीनचा उरला. एक कोपरा, दुसरा, तिसरा. सगळे शांत. चौथ्या कोपऱ्याला, कूलरकडच्या, पायात मुंग्या याव्यात तशी नखांना झिणझिण आली. मी म्हटलं, इथे. ह्यांनी विचारलं, नक्की? मी म्हटलं, नक्की.

ह्यांनी हॅक्सॉचं पातं त्या पायाखाली सरकवलं. जिथे कागद जायला नको तिथे पातं आरपार गेलं. मशीन तीन पायांवर उभी होती, चौथा अधांतरी. पायाखालची फरशी कोपऱ्यात तडकून खाली बसली होती. तडकलेला तुकडा उचकटून हे स्क्रूड्रायव्हरने खाली उकरू लागले, आणि टोकाला माती लागून आली. काळी, चिकट, ओली.

मे महिन्यात, अमरावतीत, जिथे बाहेर जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडलेल्या, तिथे आमच्या शेडखाली ओली माती. ह्यांचं गाव नांदगाव खंडेश्वरकडचं. काळ्या मातीची खोड त्यांना कोणी सांगायला नको. कोरडी असली तर दगड, भिजली तर लोणी, तिच्यात बैलगाडीचं चाक रुतलं तर अख्खं गाव लागतं काढायला. आम्ही शेड बांधताना घाईत मुरूम कमी टाकला होता, आणि मशीनचा भार आपलं काम करत होता. एवढं कळलं. पण पाणी आलं कुठून? काखेत कळसा आणि गावाला वळसा तो हाच. कळसा तिथेच शेजारी उभा राहून आमच्यावर थंड वारा सोडत होता, पण त्याला आम्ही नुकतंच निर्दोष सोडलं होतं. शेवटी मीच म्हटलं, कूलरची टाकी गळत असेल, उद्या पाहू. हे खुशीत होते, डबाही माझ्याकडे तोंड करून खाल्ला.

दुसऱ्या दिवशी टाकी भरताना पाहावी म्हणून मी लवकर निघाले. शेडचं शटर अर्धं वर होतं. आत हे कूलरशी उभे होते. बादली दोन्ही हातांनी उचलून टाकीच्या तोंडाशी नेत होते, आणि तिथवर जाता जाता हात थरथरत होते, आणि पाणी टाकीत कमी, बाहेर जास्त पडत होतं. मशीनच्या त्या कोपऱ्यावरच. बादली खाली ठेवली, गळ्यातला दुपट्टा काढला, गुडघ्यांवर बसून फरशी पुसली, पिळली, पुन्हा पुसली. मी आल्यावर पाय घसरू नये म्हणून, किंवा मला कळू नये म्हणून. मग पुन्हा बादली भरायला नळाकडे गेले. फरशीवरचं पुसलं जात होतं. फटीतून खाली गेलेलं कसं पुसणार?

मी शटरबाहेर उभी राहिले. जयंतीपासून हा माणूस रोज सकाळी माझ्या अंगाची आग निवावी म्हणून थरथरत्या हातांनी पाणी वाहत होता, आणि त्याच पाण्याने त्याची मशीन थरथरायला लागली होती. मला तेव्हा ह्यांच्याबद्दल जे वाटलं तेवढं लग्नात, मुलगी झाली तेव्हा, कधीच वाटलेलं आठवत नाही. प्रेमच वाटलं, दुसरा शब्द नाही. आणि भीतीही वाटली. हे त्यांना कळलं तर ते म्हणतील, फिरून दोष माझ्याच हाताचा. रविवार तोंडावर आला होता. अकोलेवाला दुसऱ्याच दिवशी येणार होता.

मी चपला मुद्दाम जोरात वाजवत आत गेले. काही न पाहिल्यासारखं केलं, कोपऱ्यातला डांबराचा डबा काढला, टाकी गळते आहे, आज रिकामी करून लेप देते, असं सांगून कामाला लागले. ह्यांनी माझ्या कानांकडे पाहिलं. मला खोटं बोलता येत नाही, माझे कान लाल होतात, हे त्यांना लग्नाच्याही आधीपासून माहीत.

"डांबर मीच लावलं यंदा," हे म्हणाले. "टाकी नाई गळत. मी सांडतो."

मी डबा खाली ठेवला.

"पाह्यलं ना तू? म्हंजे फिरून मीच. येऊ दे त्या अकोल्याच्याले."

मला वाटलं होतं मी समजूत घालीन, गोड बोलीन. पण तोंडातून आलं ते माझंच आलं.

"मंग सांडा ना," मी म्हटलं. "सांडू नका म्हणून कोणं सांगतलं? मशीनवर नका सांडू, इतलंच. कूलर खिडकीत ठेवू. बाहेर सांडा, किती सांडाचं तितकं."

ह्यांनी ड्रिलकडे बोट दाखवलं. तिकडून तुझ्याकडे वारा येणार नाही, म्हणाले. एवढं सगळं झाल्यावर या माणसाला त्याचीच काळजी होती.

"वारा नाई येत तं मी वाऱ्याकडं जाईन," मी म्हटलं. "बाई एकदा अकोला सोडून आली, तिले चार हात सरकाले काय लागते?"

तेव्हा हे हसले. संक्रांतीनंतर पहिल्यांदाच हसले असतील.

तो दिवस आणि संध्याकाळ आमची मशीनच्या पायाशी गेली. ओली माती उकरून काढली, डाळ मिलच्या मागच्या ढिगातून मुरूम आणला, ठोकून भरला. पक्कं काँक्रीट नंतर सवडीने करायचं ठरलं, तोवर जाड लोखंडी पट्टी टाकून पाय टेकवला, पाणसळ ठेवून बुडबुडा मध्ये आणला. कूलर खिडकीत गेला आणि ड्रिल खिडकीजवळ आली. पेला ठेवला. मशीन सुरू केली. पाणी हललं नाही. पाटी चुंबकावर ठेवून मी बाजूला सरकले. हे म्हणाले, तूच मार. मी म्हटलं, मी आपला नियम एकदाच मोडते.

ह्यांनी डावा हात चक्रावर ठेवला. उजव्या हाताने मनगट धरलं नाही. हात थरथरत होता, मला दिसत होतं, आणि टेबल त्याच्या पद्धतीने संथ जात-येत होतं. इतकं जड लोखंड, त्याला ह्यांच्या बोटांचं काय सोयरसुतक. पाटी पुसून ह्यांनी खिडकीकडे धरली, मग माझ्यापुढे. माझा भांग वाकडा होता.

अकोलेवाला रविवारी ठरल्या वेळी आला. जाणता माणूस. त्याने चालत्या मशीनवर रुपयाचं नाणं उभं ठेवलं. नाणं उभंच राहिलं. खूश होऊन त्याने विचारलं की इतकी चांगली मशीन विकता काहून? मी चहा गाळत राहिले. माझ्या बोलण्याने हा निर्णय होणार नव्हता, तो ह्यांनीच करायचा होता. ह्यांनी नाणं उचलून त्याच्या हातात परत दिलं. देताना बोटं हलली, त्याने पाहिलं, ह्यांनी लपवली नाहीत. म्हणाले, बिघडली असं वाटलं होतं, बिघडली नव्हती, तुम्हाला उन्हातान्हात उगाच फेरा पडला. पाहुणा जरा नाराज झाला, पण चहा पिऊन गेला. ह्यांनी आपला चहा बशीत ओतला. निम्मा ओट्यावर गेला, उरलेला फुर्र करून प्यायले.

पुढे दवाखाना झाला. मीच नेलं, पिच्चरला नाही. डॉक्टर म्हणाले, भीती होती तसलं मोठं काही नाही, पण हा कंप आता सोबत राहील. गोळी आहे, थोडा फरक आहे. बारीक मापं मी घेते, शेवटचा हात हेच मारतात. मशीनवर नखं टेकवायची वेळ आली की मला हाक येते. 'इकडं ये वं, हात लाव.' पूर्वी 'कान लाव' अशी यायची.

जयंतीनंतर कूलर आताही निघतो आणि खिडकीत लागतो. पाणी हेच भरतात, तो हट्ट सुटलेला नाही आणि मी सोडवलेलाही नाही. खिडकीखाली बाहेरच्या बाजूला मी बाजारातल्या पुदिन्याच्या काड्या खोचल्या होत्या. आता तिथे एवढा पुदिना माजलाय की डाळ मिलवाले जुडी मागायला येतात. परवा त्यांनी विचारलं, आमची तुळस जळून गेली या उन्हात, तुमच्या पुदिन्याला पाणी कोण घालतं?

मी म्हटलं, आमचे हे. रोज सकाळी, न चुकता.